गेरूचा त्रिकोण

३ फेब्रुवारी

आज बारा घरं झाली. पाय तुटले, पण बारा झाली. प्रियंका मॅडम ट्रेनिंगमध्ये म्हणाल्या होत्या, दिवसाला सहा-सात झाली तरी खूप. त्या बसतात संभाजीनगरच्या ऑफिसात. साधना एकदा कामाला लागली की कशी लागते ते त्यांना अजून माहीत नाही.

काम काय आहे ते इथं एकदा नीट लिहून ठेवते, कारण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज विचारतात आणि रोज विसरतात. हिंगोलीत बाहेरून कामाला आलेली माणसं कशी राहतात, आजारी पडली तर कुठं जातात, आणि शेजारपाजार त्यांना आपलं मानतो का, याचा अभ्यास चालू आहे. एकशे वीस घरं. माझ्या वाट्याला त्यांतली एकसष्ट आली, आमच्याच मागची वस्ती, तातेराव काकांच्या पत्र्याच्या खोल्या. आम्हीही काकांचेच भाडेकरू, फक्त आमच्या दोन खोल्या रस्त्याच्या अंगाला आणि सिमेंटच्या. हळदीचा हंगाम आहे, त्यामुळं मागं पाय ठेवायला जागा नाही. बिहारचे, बंगालचे, एमपीचे, आणि आपले सेनगावकडचेही.

प्रश्नावलीवर नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. कोणता नंबर म्हणजे कोण, त्याचा फोन, त्याचं गाव, ते सगळं वेगळ्या यादीत. ती यादी एकच आणि ती माझ्या कपाटात. नंबर आपल्या मोबाईलमध्येसुद्धा ठेवायचे नाहीत. प्रत्येक दारात मी आधी वाचून दाखवते, "तुमचं नाव कोणालाही कळणार नाही." दहाव्या दारापर्यंत पाठ झालं.

आणि एक युक्ती माझी स्वतःची. मी पोलिओच्या कामाला होते तेव्हा आम्ही प्रत्येक घरावर खडूनं खूण करायचो. इथं दुसऱ्या फेरीला परत त्याच दारात यायचंय आणि सगळी दारं सारखी. खडू पुसला जातो, म्हणून मी गेरू घेतला. जिल्ह्यातले असतील त्यांच्या दारावर गोल, परराज्यातले असतील तिथं त्रिकोण. लांबून दिसतं. मॅडमना अजून सांगितलं नाही. सगळी वस्ती झाली की एकदम फोटो पाठवते, बघत राहतील.

५ फेब्रुवारी

तातेराव काकांनी आज खुर्ची टाकून चहा पाजला. तीन वर्षं झाली इथं राहायला, पहिल्यांदा! आणि म्हणाले काय, तर "या, म्याडम."

"काय चितारून राहिल्या दारादारावर?"

मी समजावून सांगितलं. गोल म्हणजे काय, त्रिकोण म्हणजे काय, दुसरी फेरी कशी सोपी जाते. काका मान डोलवत ऐकत होते.

"म्हंजे गोल आपले अन् तिकोन बाहेरचे. बराबर?"

"बराबर," मी म्हणलं.

"लई हुशार हाय पोरगी," ते बाजूच्या माणसाला म्हणाले. मला काय, हवेतच गेल्यासारखं झालं. घरी येऊन यांना सांगितलं, तर हरीशराव म्हणतात, "काकानं चहा पाजला? बिस्किटं बी होती का?" हे हळदीच्या पोत्यांचा टेंपो चालवतात, त्यांना कुणी म्याडम म्हणत नाही, म्हणून जळतात.

९ फेब्रुवारी

आज सदतीस नंबर. नाव इथंही लिहू नये खरं तर, पण ही माझी वही आहे, कोण वाचायला बसलंय. पूर्णिमा मंडल. बंगालमधल्या मालद्याची. नवरा सुफल हळद पॉलिशच्या कारखान्यावर आहे. हिला सातवा महिना चालू आहे. वय विचारलं तर हसली, म्हणाली, "बाईस लिखो."

माझ्या चाळीस प्रश्नांपैकी एकतिसावा असा की गेल्या महिन्यात शेजाऱ्यांच्या घरी किती वेळा गेलात. हा मी आधी आत्याबाईंवर तपासून बघितला होता, तर त्या म्हणाल्या, "मी काहून जाऊ कोणाच्या घरी? मला काय काम न्हाई?" पूर्णिमा मात्र बराच वेळ विचार करत बसली. मग म्हणाली, "कोई बुलाया नहीं." मी शून्य लिहिलं.

बोलताना ती सारखी खोकत होती. तोंडावर पदर धरून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दाबून. विचारलं तर दोन महिने झाले म्हणते. संध्याकाळी अंग गरम होतं. मी म्हणलं, अगं बाई, पोटात लेकरू आहे आणि तू दोन महिने अशीच? दवाखान्यात का नाही गेलीस? तर म्हणते, तिथं आधी विचारतात कहाँ से आये हो. एवढं ऐकूनच तिचा नवरा घाबरतो.

हे काही प्रश्नावलीत बसत नव्हतं. समासात बारीक अक्षरात लिहून ठेवलं.

१३ फेब्रुवारी

पूर्णिमाला दवाखान्यात घेऊन गेले. टीबीचं काम बघणारे प्रमोद भाऊ माझ्या पोलिओच्या वेळच्या ओळखीचे, त्यांनी सरळ आत घेतलं. थुंकीचा नमुना दिला. कागदावर फोन नंबर लागतो. सुफलचा फोन कामावर असताना बंद असतो, म्हणून मी माझा लिहिला. रिपोर्ट माझ्याकडे येईल आणि मी तिला सांगेन, असं ठरलं.

परत येताना ऑटोत ती माझा हात धरून बसली होती. माझ्या मनात काय आलं तर, हिचा खोकला मला लागला तर? लाज वाटली, पण आलं मनात. हात काढला नाही एवढंच.

१७ फेब्रुवारी

वस्तीत काहीतरी बिघडलंय.

सकाळी नळावर गेले तर बायकांनी दोन रांगा केल्या होत्या. जनकाबाई म्हणजे आमच्या शेजारीण, त्या हंडा घेऊन मधे उभ्या. "गोलवाले आधी, तिकोनवाले मागून," असं चक्क ओरडून सांगत होत्या. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, हे काय नवीन?

"अगं, तुला ठाव न्हाई? तपासणी येऊन राहिली. तिकोनवाल्यांना उचलणार हायेत. बांगलादेशी हायेत म्हणं सगळे."

"कोण म्हणलं?"

"सगळेच म्हणून राहिले."

 त्रिकोण म्हणजे बाहेरचे हे यांना कळलं कसं? मी तर कुणाला काही बोलले नाही. नक्की प्रमोद भाऊंनी कुठंतरी तोंड उघडलं असणार. मी त्यांना त्या दिवशी खूण दाखवली होती का? आठवत नाही. पण दुसरं कोण?

पूर्णिमा रांगेत शेवटी होती. माझ्याकडे बघितलं नाही.

१९ फेब्रुवारी

माझे गेरूचे त्रिकोण कुणीतरी लाल ऑइलपेंटनं गिरवलेत. एकूण एक. माझ्या बोटाएवढी खूण होती, आता ताटाएवढी झालीय. सकाळी उजाडल्यावर दिसलं. तीन घरं तर सकाळीच रिकामी झाली, बिहारची. दोन एमपीची दुपारी गेली. पोरं, गाठोडी, गॅसची छोटी टाकी, सगळं घेऊन.

मी घरातून रॉकेलचं बोळकं आणि फडकं घेतलं आणि मागं गेले. पुसायचं म्हणून. पहिल्या दाराशी बसले आणि हात वर केला, तोच आतून एक बाई किंचाळली. "फिर आ गयी! फिर लिखने आ गयी!" एका क्षणात सगळी दारं लागली. धाड धाड धाड. मी तिथंच बसलेली, हातात फडकं. मी मोठ्यानं म्हणलं, "मी पुसायला आलेय, पुसायला!" एकही दार उघडलं नाही. लेकरं आत रडत होती आणि आया त्यांची तोंडं दाबत होत्या, ते बाहेर ऐकू येत होतं.

मला घाबरून कोणी दार लावलं असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. लेकरं तर माझ्या अंगावर खेळायची. घरी आले आणि मोरीत बसून रडले. ऑइलपेंट रॉकेलनं निघतच नाही नीट, नुसतं पसरतं.

२० फेब्रुवारी

प्रमोद भाऊंना फोन करून चांगलं झाडणार होते. त्याआधी नक्की कोणत्या तारखेला त्यांना भेटले ते बघावं म्हणून या वहीची मागची पानं चाळली.

पाच फेब्रुवारी.

 मीच सांगितलंय. खुर्चीत बसून, चहा पीत, हसत हसत. "बराबर" म्हणलं. वर हुशार म्हणलं म्हणून हुरळून घरी आले आणि ते लिहूनही ठेवलं. पंधरा दिवसांत साफ विसरून दुसऱ्याच्या नावानं बोटं मोडत होते.

यांना सांगितलं. वाटलं चिडतील. चिडले नाहीत, कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, काकाला त्या खोल्या पाडून गाळे काढायचेत, दोन वर्षं झाली तो म्हणून राहिला. भाडेकरू हलत नव्हते.

हे मला कोणी आधी का सांगितलं नाही? आणि सांगितलं असतं तर मी चहा प्यायले नसते का? खरं लिहायचं तर प्यायले असते. कोणीतरी म्याडम म्हणत होतं.

२१ फेब्रुवारी

काका आज स्वतः आमच्या ओट्यावर येऊन बसले. आत्याबाईंनी धावत पाणी दिलं. काका शांतपणे बोलतात, आवाज कधी चढत नाही, त्याचीच जास्त भीती वाटते.

"पोरी, तुझ्याकडं यादी हाय म्हणं. नाव, गाव, फोन."

आज म्याडम नाही. मी म्हणलं, काका, ती गुप्त असते, अभ्यासाची आहे.

"अभ्यासच तर करायचा हाय मला बी. वर द्यायची हाय. उद्या काही झालं तर म्हणतील, तातेरावनं कोण ठेवले होते खोल्यांत? मला तकलीफ नको. दोन दिवसांत दे." मग आमच्या छताकडे बघून म्हणाले, "इथं गळतं का गं पावसाळ्यात? सांगत जावं. तुमी तर आपलीच माणसं."

ते गेल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "दे की एक कागुद. आपलं काय जातंय? ते काय आपल्या नात्याचे हायेत?"  हे गप्प बसले, म्हणजे तेही तेच म्हणत होते.

प्रियंका मॅडमना फोन केला. त्यांना त्रिकोणाचं सांगावंच लागलं.  मग म्हणाल्या, "साधनाताई, घरावर माणसाचा प्रकार लिहायचा नसतो हो." एवढंच. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. यादी देऊ नका, पोलिसांत लेखी कळवा, मी येते सोमवारी, म्हणाल्या. सोमवारपर्यंत इथं कोण राहणार?

२२ फेब्रुवारी

यादी जाळली.

दुपारी चुलीवर आत्याबाईंचं अंघोळीचं पाणी तापत होतं. चार कागद, दोन्ही बाजूंनी माझ्या अक्षरात. एक एक करून आत सारले. एकसष्ट नावं, सगळी माझ्या वस्तीची. आता काकाच काय, कोणीही आलं तरी माझ्याकडे देण्यासारखं काही नाही. प्रश्नावल्या आहेत, पण त्यांवर नुसते नंबर. सदतीस नंबरला कोणी बोलावलं नाही, हे वाचून कोणाला काय कळणार?

दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

२३ फेब्रुवारी

काका आले. यादी नाही म्हणून सांगितलं, ऑफिसला गेली म्हणून.  काका हसले. "बरं," म्हणाले. "गेली तर गेली. अर्धे तर पळालेच हायेत. तुमचं बी ठरवू मग उन्हाळ्यात, गाळ्याचं काम निघालं की." आमचं बी ठरवू! हे टेंपो लावायला गेले ते रात्री उशिरा घरी आले.

पूर्णिमाच्या दाराला कुलूप आहे. शेजारची म्हणाली, पहाटे गेले, कुठं ते सांगितलं नाही. मला आधी बरंच वाटलं. सुटली बिचारी. इथून लांब गेली म्हणजे सुरक्षित.

२७ फेब्रुवारी

प्रमोद भाऊंचा फोन. रिपोर्ट आलाय. टीबीच आहे.

"लगेच औषध सुरू करावं लागेल, ताई. गरोदर हाय ना ती? आठवा महिना लागला असेल. बाळंतपणाच्या आधी औषध पोटात गेलं पाहिजे, न्हाई तर लेकराला धोका हाय अन् तिला बी. उद्याच घेऊन या."

मी म्हणलं, हो. फोन ठेवला. मग लक्षात आलं.

तिचा नंबर चुलीत आहे. गावाचं नाव, पोस्ट, सुफलच्या भावाचा दुसरा नंबर, सगळं मीच लिहून घेतलं होतं आणि मीच जाळलं. शिस्त म्हणून मोबाईलमध्ये ठेवलं नव्हतं. पॉलिशच्या कारखान्यावर जाऊन आले. तिथला मुकादम म्हणाला, आमच्याकडं तसा कोणी नव्हताच. भीतीनं म्हणाला की खरंच विसरला, देव जाणे.

मी चुलीतली राख उकरून बघितली. वेड्यासारखी. आत्याबाई बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "काय हरवलं गं?"

२८ फेब्रुवारी

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी एकसष्ट प्रश्नावल्या घेऊन बसले आणि सदतीस नंबर काढला. तिच्याबद्दल सगळं माहीत आहे मला. दिवसातून दोनदा जेवते. पाण्यासाठी नळावर वीस मिनिटं रांगेत उभी राहते. पहिलं बाळंतपण मालद्यात, मुलगी, गेली. नवऱ्याला रोजानं काम. मराठी सिनेमा एकदा बघितला, कळला नाही. सगळं माहीत आहे, फक्त ती कुठं आहे ते माहीत नाही.

एकोणिसावा प्रश्न. "हिंगोलीत येण्याआधी कुठे काम केले?" माझ्याच अक्षरात: कनेरगाव नाक्याजवळ वीटभट्टी, एक हंगाम, मालक चांगला होता.

माणूस घाबरला की ओळखीच्या जागी जातो. मीही माहेरी पुसेगावलाच गेले असते.

हे म्हणाले, नको जाऊस. काकाला कळलं तर? आणि ती तुला बघून पळाली तर? मी म्हणलं, पळाली तर तेवढं तरी कळेल की जिवंत आहे.

२ मार्च

प्रमोद भाऊ कालपासून सुट्टीवर आहेत, म्हणून आज एकटीच गेले. प्रमोद भाऊंकडून रिपोर्टची झेरॉक्स आधीच आणून ठेवली होती. वाशीम रोडची जीप. नाक्यावर उतरून दोन ढाब्यांवर विचारलं, तिसऱ्यावर एकानं रस्ता दाखवला. दीड किलोमीटर चालत. ऊन असं की डोळ्यापुढं अंधारी.

भट्टीवर पंधरा-वीस माणसं. लांबूनच दिसली मला ती. विटा उचलत नव्हती, सावलीत बसून चिखलाचे गोळे करून देत होती. पोट केवढं पुढं आलेलं. आणि गाल आत गेलेले. आठ दिवसांत माणूस एवढं वाळतं?

मी जवळ गेले. तिनं वर बघितलं आणि माझ्या खांद्यावरची अभ्यासाची पिशवी बघितली. मूर्ख मी, तीच पिशवी घेऊन गेले होते. तिचा चेहरा पांढरा पडला.

"पूर्णिमा," मी म्हणलं.

"मैं पूर्णिमा नहीं."

"अगं, मी साधना..."

"यहाँ कोई पूर्णिमा नहीं है." हळू आवाजात, पण पक्कं. बाजूच्या बायका थांबून बघायला लागल्या. एक माणूस फावडं खाली ठेवून उभा राहिला. सुफल कुठं दिसत नव्हता, पण मागं भट्टीच्या आड काहीतरी हललं, बहुतेक तोच.

मी काय करू? नाव मोठ्यानं घेतलं, टीबी म्हणलं, तर इथूनही हाकलतील. नाही घेतलं तर ती मरेल. आणि मला कळत होतं की इथल्या सगळ्यांना माझीच भीती वाटतेय. या उन्हात त्यांच्या अंगावर काटा आला तो माझ्यामुळं. काकांमुळं नाही.

मी तिथंच जमिनीवर बसले. पिशवी लांब ठेवली. पाणी मागितलं. ते कोणी दिलं नाही, मग तिनंच उठून आपल्या बाटलीतलं दिलं.

मी मोडक्या हिंदीत म्हणलं, "तुम्हाला पूर्णिमा नावाची बाई कुठं भेटली तर तिला एक सांगाल का?"

ती चिखल मळत राहिली.

"तिला सांगा, तिचा कागद आलाय. आजार आहे, पण औषध आहे. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. सहा महिने रोज घ्यायचं. आजपासून घेतलं तर ती वाचते."

तिचे हात थांबले.

"और उसका बच्चा?" खाली बघूनच विचारलं.

"बाळ पण. पण लवकर घ्यायला पाहिजे. बाळंतपणाच्या आधी."

"दवाखाने में पूछेंगे, कहाँ रहती है."

"हो. पत्ता विचारतात. औषध पोचवायला लागतो."  मग म्हणलं, "तिला सांगा, तिच्याकडून काही चूक झाली नाही. माझ्याकडून झाली. खूण मी केली होती. त्रिकोण. तिनं काही केलं नव्हतं. माफ कर म्हणून सांगा."

रिपोर्टची झेरॉक्स घडी घालून तिच्या पाण्याच्या बाटलीखाली ठेवली. माझा फोन नंबर मागं लिहिला होता, पत्ताही. ती मग तोंडावर पदर धरून खोकली आणि म्हणाली, "मिलेगी तो बोल दूँगी."

परतीच्या जीपमध्ये बाजूच्या बाईनं विचारलं, काहून रडून राहिली? मी म्हणलं, ऊन लागलं.

४ मार्च

फोन नाही.

प्रमोद भाऊ म्हणाले, भट्टीवर मी जाऊ का माणसं घेऊन? मी हात जोडले. नका जाऊ. आणखी एक पिशवीवाला दिसला की ती कायमची जाईल. ते म्हणाले, मग वाट किती बघायची, ताई?

सोमवारी येते म्हणालेल्या प्रियंका मॅडम आता कुठं येऊन गेल्या. पोलिसांत अर्ज दिला, काकांना भेटल्या, काका अगदी गोड बोलले. मॅडम मला एकाही गोष्टीबद्दल रागावल्या नाहीत, पण वही आणि गेरूचा डबा दोन्ही बघायला मागितले. वही दिली नाही.

५ मार्च

फोन नाही.  आज आला तो रिचार्जवाल्यांचा होता, त्याला मी उगीच शिव्या घातल्या.

काका परत विचारून गेले, यादी ऑफिसातून परत येणार का म्हणून. आणि जाताना ओट्याची लांबी पावलांनी मोजली.

७ मार्च

सकाळी नऊची गोष्ट. जसं झालं तसं लिहिते, नाहीतर मी नंतर माझ्या सोयीनं आठवीन. ते मी आधी एकदा केलेलं आहे.

काका ओट्यावर बसले होते. गाळ्यांचं काम लवकर काढायचं म्हणून सांगायला आले होते. हे टेंपो पुसत होते. मी आत कणीक मळत होते आणि फोन वाजला. हात भरलेले, म्हणून आत्याबाईंनी फोन उचलून स्पीकरवर लावला. त्या नेहमी तसाच लावतात, कानाला कमी ऐकू येतं. आवाज ओट्यापर्यंत जातो.

"साधनाताई बोलताय का? मी वाशीमच्या दवाखान्यातून नर्स बोलतेय. एक पेशंट आलीय, पूर्णिमा मंडल. नवरा सोबत हाय. तुमच्याकडचा रिपोर्ट दाखवून राहिली."

माझ्या तोंडातून नुसतं "हां" निघालं.

"औषध आजच सुरू करतो. पण सहा महिन्यांचं हाय, पत्ता पक्का लागतो, कोणीतरी जबाबदारी घेणारं लागतं. तिनं हिंगोलीचा तुमचा पत्ता दिलाय. मी विचारलं नातं काय, तर काही सांगेना. म्हणून तुम्हालाच विचारते. ही बाई तुमच्याकडं राहते का?"

बाहेर टेंपोवरचं फडकं थांबलं. काकांनी मान वळवली, दारातून आत बघितलं. आत्याबाई फोन हातात धरून माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यात स्पष्ट होतं, नको. मी त्यांना दोष देत नाही. तीन वर्षं आम्ही इथं आहोत, पुढं जायला जागा नाही, आणि ती बाई खोकते. मलाही वाटत होतं, नको. मी माझंच ऐकत होते, पोटातून, नको नको नको. नुसतं "ओळखीची आहे" म्हणलं असतं तरी चाललं असतं. नर्सनं दुसरा पत्ता शोधला असता. किंवा नसता शोधला.

"व्हय," मी म्हणलं. "माझ्याकडंच राहते."

"मोठ्यानं बोला ताई, आवाज येत न्हाई."

देवा. मला दोनदा म्हणायला लावलं.

"व्हय! पूर्णिमा मंडल इथंच राहते. आमच्या घरात. जबाबदारी माझी. लिहून घ्या."

नर्स म्हणाली, बरं, उद्या घेऊन जा, मास्क लावून न्या, पंधरा दिवस जरा वेगळं झोपू द्या. फोन बंद झाला. आत्याबाईंनी तो पिठाच्या डब्यावर ठेवला, हळूच, फुटेल असा.

ओट्यावरून काकांचा आवाज आला, नेहमीसारखा शांत. "कोण राहतं म्हणली, पोरी?"

मी कणकेचे हात घेऊनच दारात गेले. चौकट धरली. "पूर्णिमा, काका. त्रिकोणवाली. उद्या येऊन राहिली."

काका उठले. चपला घातल्या आणि मागच्या खोल्यांकडे न जाता रस्त्याकडे गेले, फोन कानाला लावत. कोणाला केला ते मला माहीत नाही. संध्याकाळपर्यंत कोणी आलेलं नाही.

 दिवेलागणीला आत्याबाईंनी पलंगाखालची त्यांची ट्रंक ओढून कोपऱ्यात सारली, जमीन झाडली आणि तिथंच उभ्या राहिल्या. "इथं पंख्याचं वारं लागतं," म्हणाल्या. "आन मग काकानं काढलं आपल्याला, तर जायचं कुठं गं, साधना?"

 यांनी उद्या सकाळी आठला टेंपो काढायचं कबूल केलंय. पोती भरायच्या आधी वाशीमला जाऊन यायचं.